चंद्राला ओवाळणारी बाई

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. भिला मिस्त्री त्या वेळी माझ्या डोक्यावर शिडीला लटकलेला होता, त्यालाही कळलेली नाही. इतकी वर्षं मी गप्प राहिलो ते लाजेमुळे, असं समजू नका. मला वाटायचं, चूक माझी नव्हतीच. आजही दिवसातून एखाद्या वेळी तसंच वाटतं. तेव्हा ऐका, पण माझ्यावर फार विश्वास ठेवून ऐकू नका. माझा धंदा जुन्या लाकडाचा. पाडलेल्या घरांच्या तुळया, खांब, चौकटी घ्यायच्या आणि विकायच्या. या धंद्यात माणसाचा पहिला शब्द कधीच खरा नसतो.

सुरतेजवळच्या कामरेजच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की उसाच्या शेतांमध्ये एक जुना मठ आहे. आजूबाजूच्या गावांतले लोक त्याला पादरीबाग म्हणायचे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणी परदेशी ख्रिस्ती संन्यासी तिथे येऊन राहिले, त्यांनी तो बांधला. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, लांबच लांब ओसरी आणि ओसरीला लागून खोल्यांची ओळ — प्रत्येक खोलीत एक खाट, एक टेबल, एक खिडकी. ते संन्यासी कधीच गेले. माझ्या वेळी तिथे दोन फादर असत, आणि त्या खोल्यांत लांबून लांबून माणसं येऊन तीन-चार दिवस राहत. एकांतासाठी. कुणाशी एक शब्द न बोलता. फाटकातून आत शिरलं की चिंचेच्या झाडाला पाटी होती — ‘मौन जाळवो’, म्हणजे मौन पाळा. ज्याची भाकरी तोंडावर चालते त्याने अशा ठिकाणी करायचं काय?

मी गेलो ते लाकडासाठी. मठाचं छप्पर उतरवून नवं घालायचं होतं, जुनं सागवान निघणार होतं. एका टेम्पोवाल्याने बातमी दिली आणि मी मिस्त्रीला घेऊन निघालो. तिथे माझी बहीण असेल, हे मला ठाऊक नव्हतं.

बघा — झालं सुरू. ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. पण आधी तिच्याबद्दल सांगायला हवं.

आक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई-बाप लवकर गेले. तिचं लग्न झालं आणि ती खानदेशातून सुरतेला आली, ती मला बरोबर घेऊनच. नवरीच्या पाठीमागे आठ वर्षांचा भाऊ — दाजी भला माणूस, म्हणून खपलं. मग दाजीही तापाने गेले. मूलबाळ नव्हतं. पांडेसऱ्यातल्या एका खोलीत आम्ही दोघंच राहिलो. ती घरी साड्यांचे लोंबते धागे कापायची. कात्रीने तिच्या अंगठ्याला कायमचा खड्डा पडला होता. मी चौदाव्या वर्षी कापड विणायच्या लूमवर लागलो. चहावर साय आली की मला शिसारी यायची. ती चमच्याने साय अलगद काढायची, स्वतःच्या कपात टाकायची आणि म्हणायची, आमच्या साहेबांना साय चालत नाही.

हे असं लिहिलं की तुम्ही तिच्या बाजूने झुकणार, मला कळतं. माझी बाजूही ऐका.

मी सत्तावीस वर्षांचा असताना नंदुरबारकडून एक स्थळ आलं. मुलगी दहावी झालेली, वडील शाळेत मास्तर. आमच्यासारख्याला असं स्थळ कोण देतं? मी मध्यस्थाला सांगून ठेवलं होतं, माझे चार लूम आहेत. खोटं होतं का ते? चार लूम मी चालवत होतो. नुसत्या आवाजावरून मला कळायचं, कोणता आज रुसलाय. मालक महिन्यातून दोनदा तोंड दाखवायचा. मग लूम कुणाचे?

बैठक आमच्याच खोलीत. पोहे झाले, दोन्हीकडची माणसं हसून बोलायला लागली. तेवढ्यात मास्तरांनी आक्काला विचारलं, “बाई, तुम्ही घरातल्या मोठ्या. चार लूम मुलाच्या मालकीचे आहेत ना?”

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

“चालवतो चार,” ती म्हणाली. “मालकीचा एकही नाही. पण पोरगा कष्टाळू आहे.”

कष्टाळू! मास्तर चहा न घेता उठले. जाताना तिलाच हात जोडून गेले, मला नाही.

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. पोह्यांचं ताट भिंतीवर फेकलं, ते आठवतं. ती खाली बसून पोहे गोळा करत होती आणि मी वरून बरसत होतो. ती एवढंच म्हणाली की विचारलं म्हणून सांगितलं, कुणाची लेक खोटं सांगून घरात आणायची नाही. मी म्हणालो, “आजपासून तू मला मेलीस.”

दोन दिवसांनी ती एक पिशवी घेऊन गेली. मी जा म्हणालो नव्हतो. थांब, असंही म्हणालो नव्हतो. उधन्याकडे ख्रिस्ती सिस्टर लोकांचा एक लहानसा दवाखाना होता, तिथे ती अधूनमधून झाडलोटीला जायची. त्यांनीच तिला पादरीबागेत स्वयंपाकाला पाठवलं. शेजारणीने येऊन सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे धर्मही सोडला. शेजारीण तसं काही म्हणाली नव्हती. ते मी माझं ठरवलं. राग जिवंत ठेवायला काहीतरी लागतं, नाही का?

मग त्याच वर्षी प्लेग आला. सुरतेतून लोक कसे पळाले ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. मीही पळालो. गावात आम्हाला पंधरा दिवस शाळेत वेगळं ठेवलं, रोज गोळ्या गिळायला लावल्या. मोकळे झाल्यावर काकांच्या घरी गेलो. काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आक्का कुठंय?”

मी काय सांगायचं होतं? पादऱ्यांच्या घरी चूल सांभाळते? का गेली, असं विचारलं असतं तर? बैठकीत काय झालं ते सगळ्या भाऊबंदांसमोर उगाळायचं? माझ्या डोक्यात हे सगळं एका क्षणात फिरलं. सौदा तेव्हापासूनच अंगात होता. कुठला शब्द स्वस्तात पडेल ते मला लगेच कळतं.

मी म्हणालो, “आक्का प्लेगात गेली. तिकडेच जाळली.”

त्या दिवसांत प्लेगच्या मढ्याचा दाखला कोण मागणार? काकू रडल्या. काकांनी भिंतीला पाठ टेकली. आणि मी? मीही रडलो. ते रडणं खोटं होतं की खरं, आजवर मला ठरवता आलेलं नाही.

मग दहावं करावं लागलं. नदीवर बसलो, डोकं भादरून घेतलं, भटजींनी सांगितलं तसं केलं. पिंड ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघायला मागे सरकले. मला खात्री होती, कावळा शिवणार नाही. जिवंत बाईच्या पिंडाला कसा शिवेल? आता सगळ्यांना कळणार. पण मी उठून उभा राहतोय तोच एक आला आणि चोच मारून गेला. काका डोळे पुसत म्हणाले, बिचारीची काही इच्छाच उरली नव्हती. मी मनात म्हटलं, बघ आक्का, कावळासुद्धा माझ्या बाजूने.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. बहीण प्लेगात गेलेला एकटा मुलगा — लोकांना कणव येते. या वेळी लूमबद्दल कुणी खोदून विचारलं नाही. आणि प्लेगनंतर सुरतेचे रस्ते रुंद व्हायला लागले, जुनी घरं पाडली जायला लागली. ढिगाऱ्यातलं सागवान लोक सरपणाच्या भावाने देत होते. मी लूम सोडला, पहिली तुळई उसन्या हातगाडीवरून नेली, आणि तीन वर्षांत माझी स्वतःची वखार झाली. हे कुणी दिलं नाही. हे माझं आहे.

आता पादरीबाग. मला माहीत होतं ती तिथे आहे. म्हणूनच गेलो. सागवान दुसरीकडेही मिळत होतं. मला तिला दाखवायचं होतं. पांढरा शर्ट घातला, मनगटात घड्याळ, बाहेर टेम्पो उभा. तू ज्याला मालकीचं काही नाही म्हणालीस, तो बघ कसा आलाय. एवढंच. तिला घरी आणायचा विचार होता का? नव्हता. तिने बघावं आणि जळावं, इतकाच माझा हिशेब होता.

दिवाळी होऊन पंधराएक दिवस झाले होते. भेटले ते फादर केरळचे, साठी ओलांडलेले, गुजराती सफाईने बोलत, मराठी तोडकी. मठात त्या वेळी वीस-पंचवीस सिस्टर एकांताला आल्या होत्या. बागेत फिरत होत्या, झाडाखाली बसत होत्या, पण कुणाचा आवाज नाही. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी कुठे पाहिली नव्हती. माझी चप्पल वाजली तरी मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

मिस्त्री शिडी लावून वर चढला. भिला मिस्त्री माझ्या बायकोच्या गावचा — हे लक्षात ठेवा. मी खाली उतरवून ठेवलेली एक तुळई सुरीने खरवडली. आतून मधासारखा रंग आणि सागाचा तो तेलकट वास. इतक्या वर्षांत एक भुंगा शिवला नव्हता. मी तोंड वाकडं केलं. कुजबुजत म्हटलं, फादर, लाकूड थकलंय. जन्मात पहिल्यांदा मी कुजबुजत सौदा केला. फादर म्हणाले, तुम्ही रोज लाकूड बघता, तुम्ही म्हणता तर तसंच असेल. झालं. इतका सोपा माणूस मला आवडत नाही. मजाच जाते.

मग त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि हाताने खूण करून चहा मागवला. चहा घेऊन आक्का आली.

केस पांढरे झाले होते. पदर डोक्यावर, तसाच. गळ्यात क्रूस नव्हता. तिच्या मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि दारात तेलाच्या डब्यात लावलेली तुळस दिसत होती, हळद-कुंकू लावलेली. म्हणजे मी चार वर्षं जे घोकलं — तेही खोटंच होतं.

तिने मला ओळखलं. चेहरा तसाच ठेवला तिने, पण ट्रे खाली ठेवताना कप बशीवर वाजला. चहावर साय आली होती. तिने चमचा उचलला, साय काढली, बशीच्या कडेला ठेवली आणि कप माझ्यापुढे सरकवला. अंगठ्याचा तो खड्डा मला दिसला.

फादर हळूच म्हणाले, एकांत चालू असतो तेव्हा आमच्या या बाईही बोलत नाहीत. यांना कुणी सांगितलेलं नाही, आपणहून पाळतात. आणि मग त्यांना काहीतरी आठवलं. चेहरा एकदम पोरासारखा झाला त्यांचा.

“तमे मराठी छो ने? एक वात पूछुं?” ते म्हणाले. आणि विचारायला लागले. दिवाळी सरता सरता, एका संध्याकाळी, ही बाई अंगणात येते. ताटात निरांजन, कुंकू, सुपारी. सूर्य बुडाला की आकाशात चंद्राची बारीक कोर असते, तिला ओवाळते. दर वर्षी. आम्ही सगळे ओसरीवरून बघतो. फार सुंदर दिसतं. हा कसला विधी आहे? मी विचारलं तर हसते नुसती.

आक्का ट्रे छातीशी धरून उभी होती. वर मिस्त्रीची ठोकाठोक थांबली होती. तो तुळईवर वाकून खाली ऐकत होता — माझ्या बायकोच्या गावचा माणूस, ज्याला ठाऊक होतं की शेठची एकुलती एक बहीण प्लेगात गेली.

आता तुम्हाला सांगतो, भाऊबीजेला चंद्राला कोण ओवाळतं. जिला भाऊ नाही ती. आणि जिचा भाऊ दूर आहे, येऊ शकत नाही, तीही — तो असेल तिथे त्याला पोचावं म्हणून. हे मला लहानपणी कुणी सांगितलं होतं? तिनेच.

मी फादरांना म्हणालो, “ज्यांना भाऊ नसतो, त्या बाया चंद्राला ओवाळतात.”

फादर गोंधळले. “पण ही तर एकदा म्हणाली होती, सुरतेला भाऊ आहे.”

इथे थांबता आलं असतं. चहाचा घोट घेऊन विषय बदलता आला असता. मला विषय बदलायला किती वेळ लागतो? पण मी हसलो. होय, हसलो. म्हणालो, “एकट्या बाया मनाला लावून घेतात, फादर. असतो असा एखादा मानलेला भाऊ.”

ती बघत होती माझ्याकडे. एक शब्द पुरला असता तिचा. नुसती मला ‘बापू’ अशी हाक मारली असती, तरी मिस्त्री खाली आला असता आणि माझं सगळं घर त्या ओसरीवर कोसळलं असतं. पूर्वी एकदा एका वाक्यात तिने माझा सौदा मोडला होता. मी पुन्हा त्याच वाक्याची वाट बघत होतो. ती काही बोलली नाही. मौन होतं ना. मी मनात त्या पाटीचे आभार मानले. तिने रिकामा कप उचलला, सायीची बशी उचलली आणि आत गेली. तिने मागे वळून बघितलं असेल. मी मान वर केली नाही.

लाकूड उचलायला तीन दिवसांनी जायचं ठरलं. त्या दिवशी एकांत संपणार होता, मौन सुटणार होतं. मी वखारीतच बसून राहिलो. कंबर धरली म्हणून सांगितलं आणि मिस्त्रीला टेम्पोबरोबर पाठवलं. कंबर मुळीच धरली नव्हती.

संध्याकाळी मिस्त्री परत आला. माल उतरवला, हातपाय धुतले आणि विडी पेटवून माझ्यासमोर बसला.

“शेठ, ती सैपाकीण आपल्याकडची निघाली,” तो म्हणाला. “अस्सल अहिराणी बोलते. आम्हाला जेवू घातलं, कळण्याची भाकर केली होती.”

मी ओलं लाकूड वेगळं काढायला सांगितलं. तो बोलतच राहिला. त्याला तिची दया आली होती. फादर परवा बोलले ते त्याच्या कानावर पडलं होतं. त्याने तिला सरळ विचारलं होतं — आक्का, तुमचा भाऊ सुरतेत कुठे राहतो? नाव सांगा, पत्ता सांगा, मी शोधून काढतो, तुमचा निरोप पोचवतो. आणि गावोगावच्या माणसांना हा मिस्त्री ओळखतो. त्याने दोन दिवसांत शोधलं असतं.

“मग?” मी विचारलं.

“म्हणाली, ‘माले भाऊ नही.’”

मिस्त्रीने राख झटकली. “दोनदा विचारलं मी. दोन्ही वेळा तेच. आणि म्हणाली, ती मधली तुळई जपून उतरवा, चांगली आहे, तिला काही झालेलं नाही.”

जी बाई माझ्या लग्नासाठी एका मास्तरसमोर एक अक्षर खोटं बोलली नव्हती, ती त्या दिवशी बोलली. मौन सुटल्यावर बोलली. मी तिथे नसताना बोलली. मी तिचं दहावं-बिहावं केलेलं तिला काही माहीत नव्हतं, मिस्त्री कोण तेही माहीत नव्हतं. ओसरीवर माझ्या तोंडाकडे बघून तिला एवढंच कळलं होतं की मला तिच्याकडून काय हवंय. बैठकीत मागितलं तेव्हा मिळालं नाही, तेच.

मी पुन्हा पादरीबागेत गेलो नाही. ती आज आहे की नाही, मला माहीत नाही. विचारायला एक फेरी पुरे. कामरेजला मी महिन्यातून चारदा जातो.

ती मधली तुळई मी विकली नाही. तिचा एक पाट करून घेतला. दर भाऊबीजेला माझा मुलगा त्यावर बसतो आणि मुलगी त्याला ओवाळते. मुलगी आता कॉलेजात जाते, काहीही विचारते. या दिवाळीत ताट हातात घेऊनच तिने विचारलं, “पप्पा, तुम्हाला बहीण होती ना? ती कशी होती?”

मी म्हणालो, फार वर्षं झाली, आता फारसं आठवत नाही. प्लेगात गेली.

मग बायकोने चहा आणला. साय तिने काढली नव्हती. मी तसाच प्यालो.